दोन दारांचा तंबू

कोरियातल्या पानमुनजोमच्या लाकडी इमारतीत २७ जुलै १९५३ रोजी सकाळी दहा वाजता दोन सेनाधिकारी वेगवेगळ्या टेबलांवर बसले आणि कोरियन युद्ध थांबवणाऱ्या शस्त्रसंधीच्या करारावर सह्या करू लागले. एक अमेरिकेचे लेफ्टनंट जनरल विल्यम हॅरिसन, दुसरे उत्तर कोरियाचे जनरल नाम इल. इंग्रजी, कोरियन आणि चिनी मिळून अठरा प्रती होत्या. दहा-बारा मिनिटांत काम उरकलं. दोघे एकमेकांशी चकार शब्द न बोलता उठले आणि आपापल्या वाटेने गेले. तोफा मात्र रात्री दहापर्यंत धडधडत होत्या. सहीनंतर बारा तासांनी गोळीबार थांबवायचा, असंच करारात लिहिलं होतं. हुकूम शेवटच्या खंदकापर्यंत पोचायला तेवढा वेळ हवाच.

त्या बारा तासांत मेलेल्यांबद्दल आजही हळहळ व्यक्त होते. हळहळायचंच तर त्याआधीच्या अठरा महिन्यांसाठी जास्त हळहळावं. वाटाघाटी जुलै १९५१ मध्येच सुरू झाल्या होत्या. सीमारेषा, विमानतळांची दुरुस्ती, देखरेखीची पथकं या मुद्द्यांवर भांडतभांडत का होईना, वाट निघाली. अडलं ते युद्धकैद्यांवर. डिसेंबर १९५१ पासून जून १९५३ पर्यंत हा एकच विषय चघळला गेला आणि टेकड्यांवर माणसं मरत राहिली. कोरियात अमेरिकेची जेवढी माणसं मेली वा जखमी झाली, त्यांतली जवळपास ४५ टक्के वाटाघाटी सुरू झाल्यानंतरची आहेत.

कायदा बघायला गेलं तर सरळ होता. १९४९ च्या जिनिव्हा कराराचं ११८ वं कलम सांगतं की प्रत्यक्ष लढाई थांबली की युद्धकैद्यांना विलंब न लावता सोडून मायदेशी पाठवावं. ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या महायुद्धानंतर वर्षानुवर्षं अडकून पडलेले कैदी होते. कैद्याला परत जायचंच नसेल तर काय, हा प्रश्न त्यांनी कलमात घेतला नाही. कोरियात नेमका तोच उभा राहिला. पकडलेल्या चिनी सैनिकांतले कितीतरी मुळात चीनमधल्या कम्युनिस्टविरोधी च्यांग कै-शेकच्या फौजेतले होते. यादवी हरल्यावर त्यांची टोपी तेवढी बदलली होती. उत्तरेच्या गणवेशात पकडलेल्यांत दक्षिणेतून जबरदस्तीने भरती केलेली पोरंही होती. १९४५ मध्ये रशियन कैद्यांना जुलमाने परत धाडलं, त्याचं पुढे काय झालं हे अमेरिकेच्या स्मरणात होतं. म्हणून अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी भूमिका घेतली की ज्याला जायचं नाही, त्याला ढकलणार नाही. चीन आणि उत्तर कोरिया म्हणत होते, कलम वाचा, त्यात ‘सगळे’ म्हटलंय. माझ्या मते दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या, आणि म्हणूनच तोडगा निघेना.

भांडण तत्त्वाचं असलं तरी ते पेटलं यादीवरून. १८ डिसेंबर १९५१ रोजी याद्यांची अदलाबदल झाली. संयुक्त राष्ट्रांच्या, म्हणजे अमेरिका आणि दक्षिण कोरियाच्या, बाजूने १,३२,४७४ नावं दिली, समोरून आली ११,५५९. दक्षिण कोरियाचे हजारो सैनिक बेपत्ता होते आणि यादीत सात हजारांच्या आसपास. बाकीचे गेले कुठे? उत्तर मिळालं, ‘त्यांना आम्ही आघाडीवरच सोडून दिलं.’ ‘आघाडीवर सोडलं’ याचा व्यवहारातला अर्थ असा की पकडलेल्या माणसाच्या हाती बंदूक देऊन त्याला आपल्याच फौजेत घेतलं. कैद्याच्या रकान्यातून नाव खोडलं, सैनिकाच्या रकान्यात चढवलं, आणि कागदावर तो मोकळा झाला.

दुसऱ्या बाजूची वहीही स्वच्छ नव्हती. रेड क्रॉसला आधी कळवलेल्या नावांपेक्षा नव्या यादीत हजारो नावं कमी भरली. मधल्या काळात दक्षिणेतल्या रहिवाशांना कैद्यांतून वगळून ‘नागरी स्थानबद्ध’ या वेगळ्या वर्गात टाकलं होतं. शिवाय नावं इंग्रजी लिपीत. कोरियात किम, ली आणि पाक ही तीन आडनावं देशाचा केवढा मोठा हिस्सा व्यापतात! मूळ कोरियन नाव दुभाष्याने ऐकलं तसं रोमन लिपीत उतरवायचं, आणि पलीकडच्या कारकुनाने ते पुन्हा कोरियन अक्षरांत बसवायचं. ‘कुलकर्णी’चं चार सरकारी कागदांवर चार तऱ्हेने काय होतं, हे ज्याने पाहिलंय त्याला हा घोळ वेगळा समजावून सांगायला नको. फरक एवढाच की इथे एका अक्षराच्या चुकीने माणूस हयात आहे की नाही, हे ठरत होतं.

मग एप्रिल १९५२ मध्ये अमेरिकनांनी कैद्यांची छाननी केली. एकेकाला बोलावून मोजके ठरावीक प्रश्न विचारायचे. परत जायचंय का? नाही म्हणालास तर घरच्यांवर काय परिणाम होईल याचा विचार केलायस का? तरीही पाठवलं तर काय करशील? कागदावर पद्धत चोख होती. फसली ती मुलाखतीच्या आदल्या रात्री. कैद्यांची मोठी छावणी असलेल्या कोजे बेटावरच्या एकेका आवारात पाच-सहा हजार कैदी कोंबलेले, आणि रात्री आत पाय ठेवायची पहारेकऱ्यांची छाती नव्हती. काही आवारं कम्युनिस्ट म्होरक्यांच्या ताब्यात, काही कम्युनिस्टविरोधकांच्या. विरोधकांच्या आवारात ‘परत जायचंय’ म्हणणाऱ्याला बडवून काढत आणि दंडावर कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदवत. तसल्या दंडाने माणूस चीनमध्ये जाणार कसा? गोंदण हाच त्याचा जबाब झाला. छाननीचा निकाल आला की जेमतेम सत्तर हजार परत जायला तयार आहेत. त्याआधी समोरच्यांना अंदाज दिला होता १,१६,००० चा. तो फुगवलेला आकडा आधी सांगून ठेवणं, ही मला त्या वाटाघाटींतली सगळ्यांत महागडी चूक वाटते. समोरच्याला एकदा आकडा दिला की त्याखालचा प्रत्येक आकडा त्याला फसवणूक वाटते.

त्याचे पडसाद लगेच उमटले. ७ मे १९५२ रोजी कोजेचे प्रमुख ब्रिगेडियर जनरल फ्रान्सिस डॉड ७६ नंबरच्या आवाराच्या फाटकाशी कैद्यांशी बोलत उभे होते, तेव्हा कैद्यांनी त्यांनाच आत ओढून नेलं. तीन दिवसांनी सुटका झाली, पण छावणीत कैदी मारले गेल्याची एक प्रकारे कबुली देणारं पत्र लिहून घेऊनच. जूनमध्ये रणगाडे आणून ते आवार मोडलं. त्यात तीसहून अधिक कैदी मेले. पुढे कैद्यांना पाचशे-पाचशेच्या लहान आवारांत वाटलं गेलं. पाच हजारांचा जमाव आपलं राज्य उभारतो. पाचशेंची निदान मोजणी होते आणि त्यांना जेवण वाटता येतं.

कोंडी फोडणारा आराखडा भारताकडून आला. व्ही. के. कृष्ण मेनन यांनी मांडलेला ठराव ३ डिसेंबर १९५२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ५४ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला. कैद्यांवर परत जाण्याची सक्ती नको आणि न जाण्याचीही नको; त्यांना तटस्थ आयोगाच्या हवाली करा, असा त्याचा गाभा. रशियाने आणि चीनने तो तेव्हा धुडकावला. ५ मार्च १९५३ ला स्टालिन वारले आणि महिना उलटायच्या आत चीनचा सूर बदलला. आधी आजारी आणि जखमी कैद्यांची अदलाबदल झाली. २० एप्रिल ते ३ मे दरम्यान उत्तरेकडे ६,६७० गेले आणि इकडे ६८४ आले. ८ जूनला कैद्यांच्या कलमावर सह्या झाल्या. आणि १८ जूनच्या पहाटे दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी परस्पर छावण्यांची फाटकं उघडून सुमारे सत्तावीस हजार कम्युनिस्टविरोधी कैदी सोडून दिले. शस्त्रसंधीच त्यांना नको होती. घास ओठांपर्यंत आला होता, तो पडता पडता वाचला.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मोठी अदलाबदल झाली, तीही रोजच्या कोट्यावर. दिवसाला २,४०० धडधाकट आणि ३६० आजारी उत्तरेकडे, तर चारशेच्या आसपास दक्षिणेकडे. एकूण ७५,८२३ विरुद्ध १२,७७३. उत्तरेला निघालेल्या कैद्यांनी ट्रकमधून अमेरिकन बूट, शर्ट, विजारी रस्त्यावर भिरकावल्या आणि नुसत्या चड्डीवर गाणी म्हणत हद्द ओलांडली. त्यांच्यामागे रस्त्याच्या कडेला बुटांचे ढीग पडलेले. यात त्वेष होता, तसा हिशेबही असावा. तिकडे पोचल्यावर पहिली चौकशी ‘शरण का गेलास?’ हीच होणार, आणि शत्रूने दिलेले बूट घालून त्याचं उत्तर देणं अवघड.

दक्षिणेकडे आलेले कमी का, याचं एक कारण चीनच्या सीमेवरच्या यालू नदीकाठच्या छावण्यांत आहे. पकडलेल्या ७,१४० अमेरिकनांपैकी २,७०१ कैदेतच मेले, बहुतेक पहिल्या हिवाळ्यात आणि १९५१ च्या मध्यापर्यंत. गोळीने मेलेले त्यांत थोडे. खायला भरडलेला मका आणि बाजरीसारखं धान्य, तेही अर्धकच्चं. त्याने हगवण लागायची. वाढीला बेरीबेरी, पेलाग्रा आणि रातांधळेपणा हे जीवनसत्त्वांच्या अभावाचे आजार. उघड्या जखमा आणि हाडं गोठवणारी थंडी. काही तरुण पोरं कशाने मेली ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. अंगावर पांघरूण ओढून, खाणं सोडून भिंतीकडे तोंड करून पडायची आणि दोन-तीन दिवसांत जायची. सोबत्यांनी चिडवून, ढकलून, मारून उठवलेले वाचल्याची उदाहरणं आहेत. वाटाघाटी सुरू झाल्यावर खाणं सुधारलं. तोवर कैद्यालाही किंमत आली होती.

राहिले ते परत न जाणारे. त्यांच्यासाठी तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, आणि अध्यक्षपदी भारत. अध्यक्ष लेफ्टनंट जनरल के. एस. थिमय्या. प्रत्यक्ष पहाऱ्याला भारतीय तुकडी, तिचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. पलटणींत मराठा पॅराशूट पलटणही होती. री यांनी भारतीय सैनिकाचा पाय दक्षिण कोरियाच्या भूमीवर पडू देणार नाही असं बजावल्यामुळे इंचॉन बंदरात आलेल्या सुमारे सहा हजार भारतीयांना जहाजावरून अमेरिकन हेलिकॉप्टरांनी उचलून थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. हा पट्टा चार किलोमीटर रुंदीचा. तंबूंच्या वस्तीला जवानांनी नाव दिलं हिंद नगर.

दक्षिणेच्या बाजूने २२,६०४ कैदी ताब्यात आले: १४,७०४ चिनी आणि ७,९०० कोरियन. उत्तरेकडून ३५९. जवानांच्या हाती नियमाप्रमाणे लष्करी पोलिसांकडे असतात तशी हलकी शस्त्रं. समोर पाचशे-पाचशेची आवारं, आवारांत जुनेच म्होरके, आणि भारत म्हणजे कम्युनिस्टांचा मित्र अशी कैद्यांच्या डोक्यात पक्की बसलेली समजूत. साधी शिरगणती घ्यायलाही ते तयार नसत. सुरुवातीच्याच दिवसांत चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला आवारात ओढून धरलं. कोजेवर डॉड यांचं झालं तेच इथे होण्याची वेळ आली. थोरात मोजके सहकारी घेऊन निःशस्त्र आत गेले आणि शेकडो खवळलेल्या कैद्यांच्या मधोमध बोलत राहून त्यांनी आपला अधिकारी सोडवून आणला. पुढे त्यांना अशोकचक्र, वर्ग दुसरा मिळालं ते कोरियातल्या याच कामगिरीबद्दल. सगळ्याच वेळी असं निभावलं नाही. ऑक्टोबरच्या आरंभी कुंपणावर चाल करून आलेल्या कैद्यांवर जवानांना गोळी चालवावी लागली आणि त्यात कैदी मेले.

आता तो तंबू. नियम असा की नव्वद दिवस दोन्ही देशांच्या प्रतिनिधींनी आपापल्या माणसांना भेटून ‘घरी चल, काही होणार नाही’ असं समजवायचं. प्रतिनिधी दर हजार कैद्यांमागे सातपेक्षा जास्त नसावेत आणि एकूण पाचांपेक्षा कमी नसावेत, इथपर्यंत बारकाईने लिहिलेलं. यासाठी बांधलेल्या प्रत्येक तंबूत टेबलामागे समजवणारे, बाजूला पाच तटस्थ देशांचे पाच जण, ज्या पक्षाने कैदी पकडला त्याचा एक निरीक्षक, दुभाषे, आणि कैद्याच्या दोन्ही अंगांना दोन भारतीय जवान. तंबूला बाहेर पडायला दोन दारं. एकातून गेला तर मायदेश, दुसऱ्यातून गेला तर परत कुंपणात. तोंडाने काय बोलला याला महत्त्व नाही, कुठल्या दाराने गेला तो त्याचा निर्णय. भाषा, दुभाषे आणि दबाव या तिन्हींचा गोंधळ टाळायला याहून सोपी युक्ती सुचणं कठीण.

तरी ती फसली. ऑक्टोबरच्या मध्याला काम सुरू झालं तेव्हा कैदी आरडाओरडा करत, थुंकत, खुर्च्यांवर धावून जात दुसऱ्याच दाराने निघाले. मग कोरियन कैद्यांनी आवारातून बाहेर यायलाच नकार दिला. त्यांना ओढून आणायचं का? पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया म्हणाले आणा, स्वित्झर्लंडने साफ विरोध केला. बळ वापरायचं नाही यावर थिमय्या ठाम राहिले. पुढे समजवणाऱ्यांनी एकेका कैद्यावर तास-तास घालवायला सुरुवात केली. नव्वद दिवसांतले प्रत्यक्ष कामाचे दिवस दहाच्या आसपास भरले. बहुसंख्य कैदी तंबूपर्यंत कधी पोचलेच नाहीत.

परत गेलेल्या ६२८ जणांतले बरेचसे दारातून गेलेच नाहीत. रात्री म्होरक्यांचा डोळा चुकवून त्यांनी तारांवरून उडी मारली आणि भारतीय पहारेकऱ्याच्या पायाशी येऊन पडले. कुंपण आतून ओलांडणाऱ्याला पहारेकऱ्याने गोळी घालायची नाही, उलट त्याला लगेच वेगळ्या तंबूत हलवायचं, ही सवय जवानांना लावणं हेच त्या पहाऱ्याचं खरं प्रशिक्षण होतं. साध्या छावणीत नेमकं याच्या उलट शिकवतात. आवारांत खूनही झाले. भारतीयांनी त्यांचे खटले उभे केले, पण साक्षीदार म्होरक्यांच्याच तावडीत, त्यामुळे मुदत संपेपर्यंत निकाल लागला नाही आणि आरोपी जसेच्या तसे परत द्यावे लागले.

मुदतीनंतर राजकीय परिषद कैद्यांचं भवितव्य ठरवणार होती. ती भरलीच नाही. मग कैद्यांना ‘नागरिक’ म्हणून जाहीर करण्याचा अधिकार आयोगाला उरला की नाही, यावर आयोगातच एकमत होईना. थिमय्यांनी २० जानेवारी १९५४ पासून त्यांना आधीच्या ताबेदारांकडे परत द्यायला सुरुवात केली. २१,८३९ दक्षिणेकडे गेले. उत्तरेच्या ३५९ पैकी दहा जणांनी विचार बदलून मायदेश धरला, ३४७ तिथेच राहिले. त्यांत २१ अमेरिकन होते आणि एक ब्रिटिश. त्यांना परत घ्यायला उत्तरेने नकार दिला, तेव्हा भारतीयांनी नुसता पहारा काढून घेतला. काही दिवस ते पहाऱ्याविना त्याच छावणीत राहिले.

आणि ८८ जण कुठल्याच दाराने गेले नाहीत. ७४ उत्तर कोरियन, १२ चिनी आणि उत्तरेच्या छावणीतले दोघे. त्यांना तटस्थ देश हवा होता. ते आपल्या तुकडीबरोबर बोटीने भारतात आले. पुढे बहुतेकांनी ब्राझील, अर्जेंटिना गाठलं, थोडे इथेच रुळले. हजारोंच्या भांडणातून तिसरी वाट काढणारे अठ्ठ्याऐंशी!

जिवंतांची अदलाबदल आटोपल्यावर मेलेल्यांची सुरू झाली. करारात थडगी शोधायचं कलम होतंच. १९५४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उत्तरेने चार हजारांवर अवशेष दिले आणि साडेतेरा हजारांच्या आसपास घेतले. ओळख पटवण्याचं काम जपानमधल्या कोकुरा इथे चाललं, दातांच्या नोंदी आणि उंची-बांध्यावरून. ज्यांची पटली नाही ते शेकडो जण होनोलुलूच्या पंचबोल स्मशानात ‘अज्ञात’ म्हणून पुरले गेले.

मोजणीतल्या चुका तर दगडात कोरल्या गेल्या. वॉशिंग्टनमधल्या कोरियन युद्धाच्या स्मारकावर अमेरिकेचे मृत ५४,२४६ लिहिलेत. त्या काळात जगभर कुठेही, अपघाताने वा आजाराने गेलेले सैनिकही त्यात धरले होते. कोरियातला आकडा ३६,५७४. चीनने अधिकृत आकडा पूर्वी १,८३,१०८ सांगितला, नंतर १,९७,६५३. २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या त्याच स्मारकाजवळ नावांची भिंत उभी राहिली, तर नावांच्या स्पेलिंगमध्ये हजाराच्या आसपास चुका निघाल्या. दक्षिण कोरियाच्या यादीत मृत धरलेले लेफ्टनंट चो चांग-हो ऑक्टोबर १९९४ मध्ये उत्तरेतून निसटून घरी आले. त्रेचाळीस वर्षांपूर्वी पकडले गेलेले, अदलाबदलीत न आलेले. त्यांच्या मागोमाग आणखी काही डझन म्हातारे आले, बहुतेक जण खाणींत राबलेले.

पंचबोलच्या अज्ञातांवर आता पुन्हा काम चालू आहे. पुरण्यापूर्वी हाडांवर लावलेल्या फॉर्मल्डिहाइडच्या भुकटीने डीएनए इतका नासला की कित्येक वर्षं नमुना हाती लागत नव्हता. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की भरतीच्या वेळी क्षयाच्या तपासणीसाठी प्रत्येकाच्या छातीचा एक्स-रे काढलेला आहे, आणि त्यात फुप्फुसांच्या वरच्या बाजूला गळ्याजवळची दोन्ही हाडं स्पष्ट दिसतात. त्या हाडांचा बाक आणि कडा माणसागणिक वेगळ्या असतात. थडगं उघडायचं, हाड त्याच कोनात धरून त्याची प्रतिमा घ्यायची, आणि भरतीच्या वेळच्या त्या एक्स-रेवर ठेवून रेषा जुळतात का बघायचं. जुळल्या की पंचबोलच्या भिंतीवर, बेपत्तांच्या नावांमध्ये, त्या नावाशेजारी ब्राँझचं एक छोटं फूल बसवतात. अजून सात हजारांहून जास्त नावं फुलाविना आहेत.